व इतर

शोधनिबंध छापून आला त्या सोमवारी सकाळी मृण्मयी तेंडोलकर 'व इतर' झाली. आरशात वेणी तीच होती, कपाळावरचा कांजिण्यांचा व्रण तोच होता, फक्त नावाच्या जागी हे दोन शब्द आले होते. ओळखपत्रावर तेच, वसतिगृहातल्या खोलीच्या पाटीवर तेच. नाश्त्याच्या वेळी आईचा फोन आला. "काय गं इतर, खाल्लंस का काही?" असं नेहमीच्याच मायेने विचारून तिने मामाच्या गुडघेदुखीचं पुराण लावलं.

चूक आपलीच, हे कबूल करायला मृण्मयीला दुपार झाली. कारखान्याचं पाणी खाडीत आलं की कालवं किती वेळ शिंपले मिटून बसतात, हे तिने चार वर्षं भरती-ओहोटीच्या वेळा पाळत होडीतून टिपलं होतं. होडी वल्हवायचे प्रयोगशाळेतले मदतनीस दाजी. निबंध पाठवताना मात्र याच बाईसाहेबांनी लग्नपत्रिकेसारखी मानाची नावं वर घातली. आधी मार्गदर्शक खांबेटे सर, मग सरांचे सर पाध्ये, ज्यांनी बारा वर्षांत खाडीचं तोंड पाहिलं नव्हतं, मग स्वतः, आणि शेवटी, सगळे हाक मारतात तसं, नुसतं 'दाजी'. सर म्हणालेही होते, "तुझं नाव आधी घाल." ती म्हणाली, "छे सर, असं कसं?" कुणी पोळी वाढायला आलं की पहिल्यांदा नको म्हणायचं आणि दुसऱ्यांदा ताट पुढे करायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. सरांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. नियतकालिक पहिली दोन नावं छापतं आणि उरलेल्यांना 'व इतर' म्हणतं.

प्रयोगशाळेतली तिची खुर्ची गेली होती. दाजींच्या स्टुलावर दोघांची मिळून सोय केलेली होती. मंगळवारी दोघांत एकच कप चहा आला, बुधवारी दोघांची मिळून एकच सावली पडली. दोन शब्दांत मावते तेवढीच जागा, आणि तीही रोज बोटभर आवळत होती. मृण्मयीला चैन पडेना. ती सारखी उठून खिडकीशी जायची, आणि दोघांची बाही एकच झाल्यामुळे दाजींनाही तिच्यामागे फरफटत जावं लागायचं.

"बाय, वायच थारा धर," दाजी म्हणाले. "श्वास अर्धाच घ्यायचा. माझा हा अकरावा निबंध."

शुक्रवारी तोंडी परीक्षा होती. तिथे स्वतःच्या नावाने उभं राहता आलं नाही, तर पदवी जाणार होती आणि चार वर्षं अक्षरशः पाण्यात. म्हणून गुरुवारी ती सरांच्या खोलीत गेली, दाजींसकट. तिला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणणारे सर अर्धवट उठले. "या, बसा तुम्ही. सगळेच बसा."

"सर, मी एकटी आहे."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"एकदाच विचारलंत."

सर चष्मा पुसत राहिले. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि त्याचीच तिला जास्त चीड आली.

शुक्रवारी सभागृहाचं दार वीतभरच उघडलं. दोघं तिरपे होऊन आत शिरले. पहिल्या रांगेत खांबेटे सर आणि काठी टेकून बसलेले पाध्ये. बाहेरगावच्या परीक्षक देवस्थळी मॅडमनी प्रबंध उघडला आणि यातलं तुमचं स्वतःचं काय, असं विचारलं. सरांच्या मार्गदर्शनाबद्दलचं एक गोड वाक्य तिने घोकून ठेवलं होतं. ते तिने सोडून दिलं.

"सगळं," मृण्मयी म्हणाली. "होडीत मी होते."

मॅडमनी आपल्या पेनासह एक कागद पुढे सरकवला. त्यावर दोन रेघा होत्या. काम ज्यांनी केलं त्यांची नावं इथे लिहायची, पहिलं तुमचं लिहा, असं त्यांनी एकदाच सांगितलं. या खेपेला ती छे म्हणाली नाही. रेघ भरेपर्यंत तिने मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहिलं. दाजींची बाही तिच्या हातावरून सुटली आणि चार दिवसांनी छातीत पुरता श्वास शिरला. तिला रडूच यायचं बाकी होतं.

आता 'इतर' व्हायची पाळी पहिल्या रांगेची होती; तिथल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या झाल्या. खांबेटे सर दाजींच्या डाव्या बाहीत शिरत होते आणि पाध्ये उजव्या. दाजी अंग चोरून त्यांना जागा करून देत होते. श्वास अर्धा घ्यायचं सरांना ठाऊक नव्हतं, त्यांचा चेहरा काळानिळा पडत चालला. ते कागदाकडे बघत होते, पण मागायची त्यांना सवय नव्हती.

मृण्मयीने दुसऱ्या रेघेवर पेन टेकवलं.

"दाजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

चार वर्षं एका होडीत बसून तिने हे कधी विचारलं नव्हतं. लाजेने तिचे कान तापले.

दाजींनी खाली बघितलं, मग वर बघितलं. "अकरा निबंध झाले, बाय," ते म्हणाले. "थांब. येतंय."

मॅडमनी पेन परत मागायला हात पुढे केला. सर हवेसाठी तोंड उघडत होते. दाजींचे ओठ हलत होते, एकेक नाव चाचपून सोडून देत होते, आणि दुसऱ्या रेघेवर टेकलेल्या पेनाखाली शाईचा डाग पसरत चालला होता.