चाळीस हात कुंपण

“पुन्हा माझाच हात?” हे माझ्या कानाशी कुरकुरले.

“तुमचाच लागतो,” मी म्हटलं आणि ह्यांचं कोपर पहिल्या खुंटीला टेकवलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. नवं काम घरधन्याच्या हातानं मोजायचं, ही आमच्याकडची रीत. दर मोजणीला ह्यांचा हात आखूड होत होता आणि अंगणाची रस्त्याकडची बाजू त्या मानानं लांबत होती. नुसती आकड्यात नव्हे, चालतानाही पाय दुखायचे.

बाकी तीन बाजूंना चिऱ्यांचा गडगा आहे. चौथ्या बाजूला लाकडी कुंपण घालायचं ठरलं, कारण गुरं आत शिरतात. आमच्या वाडीत गुरं कुणाकडेच नाहीत. “फळ्या आडव्याच घाला,” नलूवन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे ह्यांची बहीण. “उभ्या घातल्या की गजांसारख्या दिसतात.” एवढं बोलून त्या लगबगीनं चहा टाकायला गेल्या.

पहिल्यांदा चाळीस हात भरले. चार-चार हातांवर खांब, म्हणजे दहा गाळे आणि अकरा खांब. शेवटचा खांब लोक धरायचा विसरतात, मी विसरत नाही. एका गाळ्यात एकावर एक सहा फळ्या, एकूण साठ. दामू मेस्त्रींनी साठ फळ्या रंधा मारून आणल्या, ठोकल्या, तरी एक गाळा उघडा राहिला. तेवढ्यातून हे बाहेर पडले. संध्याकाळी खाडीच्या धक्क्यावर सापडले, चपला नीट जोडून शेजारी ठेवलेल्या.

“पाय मोकळे करायला गेला असेल अण्णा,” वन्सं म्हणाल्या.

“असेल,” मेस्त्री म्हणाले.

मीही मान डोलावली.

पुन्हा मोजलं. चव्वेचाळीस हात. बारा खांब, सहासष्ट फळ्या. पण ते मोजण्यातच ह्यांचा हात आणखी कमी झाला होता, त्यामुळे गाळा पुन्हा उघडा. मग साठ हात. मग शंभर. ह्यांच्या सदऱ्याची बाही मी रोज एक घडी जास्त दुमडत होते.

“मेस्त्री, आता न मोजताच आणा. अंदाजानं.”

“न मोजता घातलेलं कुंपण उभं राहत नाही वहिनी. तुम्हाला मी सांगायचं का?”

“दुखतो का हो हात?” मी ह्यांना विचारलं.

“छे. ताटापर्यंत पोचत नाही, एवढंच.”

मी ताट जवळ सरकवलं.

आज दोनशे चाळीस हात भरले. एकसष्ट खांब, तीनशे साठ फळ्या. मेस्त्री न्याहारी करून शेवटचा खांब रोवायला निघाले, ते जेवणवेळेला तिथे पोचले. इथून काडीएवढे दिसत होते. त्यांनी फोन केला.

“यादी वाचा वहिनी, काही राहिलं असेल तर आत्ताच बघू. पुन्हा एवढं चालणं माझ्याच्यानं होणार नाही.”

मी वाचली. खांब. फळ्या. फळीच्या दर टोकाला दोन खिळे. खांबांच्या बुडांना फासायला डांबर.

“आणि फाटक?”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी यादीकडे पाहिलं. इतक्या वेळा यादी केली, दर वेळी जास्तीचा खांब धरला. फाटक एकदाही धरलं नव्हतं.

“बिजागऱ्या नाहीत, कडी नाही,” मेस्त्री म्हणत होते. “अहो, तुम्ही बाहेर पडणार कुठून? उड्या मारणार?”

“त्याचं असं आहे मेस्त्री…” वन्सं फोनकडे वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या.

ह्यांनी फोन घ्यायला हात पुढे केला. आता बाहीच्या बाहेर नुसती बोटं होती. ती फोनपर्यंत पोचेनात, म्हणून मीच फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

“फाटक नकोच आहे मेस्त्री,” हे अगदी शांतपणे म्हणाले. “बाहेर पडलो की मला हे घर सापडत नाही. आणि ही फोन धरून उभी असलेली बाई कोण, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.”