त्रिएस्तच्या स्टेशनच्या पायऱ्या

बाबांना मी सांगितलं की मी सुट्टीवर चालले आहे. एकटीच, दक्षिणेकडे, जरा जग बघायला. ते उशीला टेकून बसले होते, चेहरा हळदीसारखा पिवळा, आणि मी त्यांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले.

"जा जा," ते म्हणाले. "चाळिशी आली तरी तू कधी हॅम्बुर्गच्या खाली गेली नाहीस. लोकांच्या कवळ्या घासण्यात जन्म चाललाय."

दातांच्या कवळ्या बनवणं हा माझा धंदा आहे आणि त्यावरून ते मला नेहमी टोचतात. एरवी मी उलट उत्तर दिलं असतं. पण आदल्या दिवशी नर्सनं मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं होतं, "आठवडा. देवाची कृपा असली तर दोन." मरणाच्या दारातल्या बापाला सोडून सुट्टीवर जाणारी मुलगी कशी दिसते, हे मला शेजारच्या आल्मुट काकूंच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. खरं काय ते त्यांना दाराबाहेर सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आण त्याला," म्हणाल्या. "मी बघते इथलं."

तो म्हणजे त्यार्क, माझा धाकटा भाऊ. सुतार. आमच्याकडे शिकाऊ सुतार पक्का झाला की फिरस्तीला निघतो. तीन वर्षं आणि एक दिवस. काळी कॉर्डुरॉयची विजार, रुंद हॅट, पाठीला एक गाठोडं आणि हातात वाकडी काठी. मोबाईल न्यायचा नाही. प्रवासाला पैसे द्यायचे नाहीत. चालायचं, नाहीतर अंगठा दाखवून गाड्या थांबवायच्या. घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. घरचं माणूस मरणाला टेकलं तर तेवढी सूट असते, येता येतं. पण यायला आधी कळावं लागतं, आणि कळवायचं कुणाला? हॅम्बुर्गपासून रोमपर्यंत कुठल्यातरी छपरावर बसलेल्या माणसाला?

"त्याला बोलवायचं नाही," बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "निघालेल्या सुताराला मागनं हाक मारायची नसते."

बाबा स्वतः फिरस्ती केलेले. त्यांची ती गोष्ट आमच्या ओस्टरवार्फ गावात पोरासोरांनाही पाठ आहे. ते तेविशीत त्रिएस्तला काम करत होते, तिथे त्यांना आई अत्यवस्थ असल्याची तार मिळाली. आमचा पठ्ठ्या ट्रेनमध्ये बसला नाही. फिरस्तीचा नियम मोडला नाही. दूधवाल्यांच्या, कोळशाच्या गाड्यांवरून, पायी, पावसातून आला. आला तेव्हा आजीला पुरून झालं होतं. बाबा ही गोष्ट दर ख्रिसमसला सांगत, हनुवटी वर करून, आणि शेवटी म्हणत, "पण मी मान ताठ ठेवून गावात शिरलो." आई आमची लहानपणीच गेली, त्यामुळे आम्हां दोघांना परीकथांऐवजी हीच एक गोष्ट मिळाली. त्यार्क तर तोंड उघडं टाकून ऐकायचा.

त्याचं शेवटचं पोस्टकार्ड स्ट्रासबुर्गहून आलेलं होतं. म्हणून मी आधी तिथे गेले.

स्ट्रासबुर्ग सुंदर आहे म्हणतात. असेल. कॅथेड्रलसमोर लोक माना मागे टाकून वर बघत होते, आणि मीही बघत होते, पण दुरुस्तीच्या परांचीवर काळी हॅट दिसते का ते. कालव्याकाठी जोडपी वाइन पीत बसलेली. एका जपानी बाईनं मला हसून स्वतःचा फोटो काढायला सांगितलं. मी काढला आणि तिचं डोकं कापलं. फिरस्ते सुतार जमतात त्या खानावळीत विचारलं, तर मालक म्हणाला, "त्यार्क? उंच, गाणं वाईट म्हणणारा? तो गेला त्रिएस्तला. त्याच्या बापानं तिथे काम केलं होतं ना."

संध्याकाळी फोन केला. आल्मुट काकूंनी बाबांच्या कानाला लावला.

"काय बघितलंस?"

"कॅथेड्रल. ते मोठं घड्याळ. छान आहे हो." घड्याळ मी बघितलंच नव्हतं.

"छान काय, वेडे! त्याच्या खालचा लाकडी जिना बघितलास का?" आणि ते बोलत सुटले, मध्ये खोकत. त्या आवाजातला जीव मला मोजता येत होता, रोज थोडा कमी.

एकट्यानं फिरण्याचं लोक फार कौतुक करतात. म्हणे माणूस स्वतःला सापडतो. मला आपली मी सापडले ती वेळापत्रकाखाली उभी राहून रडणारी, हातात कडक झालेला पाव, आणि आजूबाजूला सगळं जग आनंदानं चाकांच्या बॅगा ओढत चाललेलं. आल्प्समधून गाडी गेली तेव्हा डब्यातले सगळे खिडकीला चिकटले. मी डोंगरांवर चिडले होते. एवढं उंच कशाला व्हायचं? मध्ये येतात नुसते.

त्रिएस्तला समुद्र होता, आणि वाऱ्यानं छत्र्या उलटत होत्या. बंदराजवळच्या सुतारखान्यात मालकीणबाईंनी माझं ऐकून घेतलं, मला खुर्ची दिली, कडू कॉफी दिली. "इथे होता. वसंतात डोंगरात गेला, स्लोव्हेनियात, बोहिन्यच्या तळ्याकडे. तिथल्या चर्चचं छप्पर लाकडी फळ्यांनी नव्यानं शाकारतायत." मी तिथूनच बाबांना फोन केला, कारण संध्याकाळपर्यंत थांबायचा मला धीर नव्हता.

"त्रिएस्त?" बाबांचा आवाज एकदम जागा झाला. "वीब्के, स्टेशन बघितलंस का?"

"उतरले की तिथेच. का?"

"बाहेर पायऱ्या आहेत का अजून?"

"आहेत."

"बरं," ते म्हणाले. मग काकूंचा आवाज आला, "थकलेत. झोपू दे." एवढं बंदर, एवढा समुद्र, आणि या माणसाला पायऱ्यांची पडली आहे, असं मला वाटलं. औषधांमुळे असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बोहिन्यला बसमधून उतरले तर चर्चच्या छपरावर काळी हॅट होती. मी खालून अशी किंचाळले की तळ्यावरची बदकं उडाली.

तो परांचीवरून सरसर उतरला. दाढी वाढलेली, हात खरबरीत. मला बघून हसला आणि हसता हसता थांबला.

"बाबा?"

"आहेत अजून. आत्ता निघालो तर भेटतील. दुपारची बस आहे, पुढे गाडी, उद्या रात्री घरी. तिकिटं मी काढते. चल, गाठोडं बांध."

गाठोडं त्यानं बांधलं. मालकाला सांगितलं, हात मिळवला. मग रस्त्यावर आल्यावर बसथांब्यापाशी न थांबता तो पुढे जाऊन उभा राहिला, अंगठा काढून.

"हे काय?"

"ट्रेननं नाही येणार मी, वीब्के."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे गाढवा, बाप मरतोय तिकडे!"

"माहितीये. म्हणूनच. बाबा त्यांच्या आईसाठी कसे आले होते? आणि मी गादीच्या डब्यात बसून जाऊ? त्यांच्या डोळ्यांत बघू कसा?"

"डोळे उघडे असले तर बघशील ना!"

"नशीब असेल तर दोन दिवसांत पोचेन. लांबच्या ट्रकवाल्यांना आमची हॅट बघून थांबायची सवय असते."

मी त्याला शिव्या दिल्या. हात जोडले. रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले, खरंच बसले. एक सायकलवाला वळून बघत गेला. त्यार्कच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अंगठा तसाच पुढे होता. "ते विचारतील," तो म्हणाला. "दारात पाय ठेवल्याबरोबर पहिलं हेच विचारतील, कशानं आलास. तुला माहितीये विचारतील." आणि ते मला माहीत होतं.

बस आली. मी चढले, कारण दोघांपैकी एकानं तरी पोचायला हवं होतं. मागच्या काचेतून तो दिसत राहिला, हॅट घातलेला, रिकाम्या रस्त्यावर हात पुढे करून उभा.

घरी पोचले तेव्हा आल्मुट काकू दारातच होत्या. त्यांनी माझ्या मागे बघितलं, कुणी नाही हे पाहिलं, आणि आत गेल्या चहा करायला.

बाबा एवढेसे झाले होते. मी खडीसाखरेचा खडा टाकून कप त्यांच्या कानाजवळ धरला आणि वरून गरम चहा ओतला. तो खडा तडकताना होणारा आवाज त्यांना फार आवडतो. पिणं आता होत नव्हतं. ऐकून ते जरा हसले.

"सापडला का?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"वीब्के. तू त्रिएस्तहून बोलत होतीस तेव्हा मागे रंधा चालू होता. सुट्टीवर गेलेली माणसं सुतारखान्यात जाऊन फोन करत नाहीत."

मी मान खाली घातली. "सापडला. येतोय."

"कशानं?"

"अंगठा दाखवत. ट्रेननं यायला तयार झाला नाही. तुमच्यासारखा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता हनुवटी वर होणार. तशी झाली नाही. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडांनी पाणी उशीवर उतरायला लागलं. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही.

"गाडी उभी होती," ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला दम घ्यावा लागत होता. "त्रिएस्तला. खिशात पैसे होते. मी पायऱ्यांवर बसून राहिलो. गाडी गेली. मग उठलो आणि रस्त्याला लागलो."

"बाबा, नका बोलू."

"आई दाराकडे बघत होती. शेवटपर्यंत. आल्मुटच्या सासूनं सांगितलं मला, मी आल्यावर. मान ताठ कसली, वीब्के? मी दुसरं करणार काय होतो? ताठ नसती ठेवली तर मोडली असती."

"मग त्याला बोलवू का दिलं नाहीत? आधीच दिलं असतं तर..." माझा आवाज चढला. मरणाऱ्या माणसावर ओरडत होते मी. "आम्हाला ती गोष्ट का सांगितलीत दर वर्षी? खरी का नाही सांगितलीत?"

त्यांनी डोळे उघडले. "आधी लाज वाटायची. मग सवय झाली. मग तोच निघून गेला, ती गोष्ट घेऊन. आता हाक मारली असती तर खोटा पडलो असतो."

त्यार्क कुठे असेल? ऑस्ट्रियात? कुठल्यातरी पेट्रोल पंपावर? त्याच्या खिशात फोन असता तर मी बाबांचा आवाज त्याच्या कानात ओतला असता. मी पंपांना फोन लावले, म्युनिकच्या, न्युर्नबर्गच्या खानावळींना लावले. काळी हॅट, उंच, गाणं वाईट म्हणतो. कुणी पाहिला नव्हता. इकडे बाबा दाराकडे बघत होते. मी पलंग फिरवायला गेले, म्हणजे दार दिसणार नाही, तर त्यांनी हात हलवून नको म्हटलं.

शेवटचं स्पष्ट असं ते एवढंच बोलले, "त्याला हे सांगू नकोस. मला मान ताठ ठेवून उभं राहता आलं. त्याच्याकडेही तेवढंच उरेल."

सकाळी काकूंनी खिडकी उघडली, आमच्याकडे गेलेल्या माणसाचा जीव बाहेर पडावा म्हणून उघडतात तशी.

पुढचे दोन दिवस मी गावाच्या पाटीपाशी जाऊन उभी राहत होते. याच पाटीवर चढून त्यार्क पलीकडे उडी मारून गेला होता, मागे न बघता, तसा नियम आहे. पाटीच्या बुडाशी बाबांनी आणि त्यानं मिळून दारूची बाटली पुरली होती, परत आल्यावर काढून प्यायला. मी त्या मातीवरच उभी होते.

तो आला तो पायी. पिठाच्या गाडीवाल्यानं हमरस्त्यावर सोडलं असावं, कारण हॅट पांढरी झाली होती. लंगडत होता. मला पाटीखाली एकटी बघितल्यावर त्याची चाल मंदावली, आणि मग थांबलीच.

"कधी?"

"परवा. दफन उद्या आहे."

तो हलला नाही. मग मी पाहिलं, त्याची हनुवटी हळूहळू वर येत होती. मी ती हनुवटी ओळखत होते. दर ख्रिसमसला टेबलाच्या टोकाला बसलेली. उद्या चर्चमध्ये लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवतील, म्हणतील बापाचा मुलगा शोभतोस, आणि वीस वर्षांनी तो आपल्या पोरांना सांगेल.

"त्यांनी विचारलं का?" तो म्हणाला. "मी कशानं येतोय ते?"

"विचारलं."

"मग? काय म्हणाले?"

मी बाबांना वचन दिलं नव्हतं. त्यांनी मागितलं होतं, मी गप्प बसले होते. माझा नकार ऐकायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

"ते रडले, त्यार्क," मी म्हटलं. "म्हणाले, गाडी उभी होती. त्रिएस्तला, स्टेशनच्या पायऱ्यांवर ते बसून राहिले आणि ती निघून गेली. आजी दाराकडे बघत राहिली होती. हेही दाराकडे बघत होते."

त्याची हनुवटी तशीच वर होती. "खोटं बोलतेस तू," तो म्हणाला. "माझ्यावर राग काढतेस."

"राग आहेच. पण खोटं नाही बोलत."

फिरस्त्या सुताराची हॅट डोक्यावरून उतरत नाही. राजा पुढ्यात आला तरी नाही, ही त्यांची शान. त्यार्कनं दोन्ही हातांनी ती काढली आणि रस्त्याच्या कडेला पाटीच्या अलीकडे बसला, आणि मी त्याच्या शेजारी बसले. मग त्यानं विचारलं, "दार उघडं होतं का?"

"होतं," मी म्हटलं. "आहे अजून."