तीन बोटं खाली

मित्रांनो, गाडी खड्ड्यातून गेली की तुम्ही आधी रस्त्याला नावं ठेवता आणि मग ड्रायव्हरला. खाली चाकाशी कोणीतरी तो दणका स्वतःच्या अंगावर घेत असतं, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ती मी. एका उंच गाडीच्या मागच्या चाकावरची जाड स्प्रिंग. आता जुनी झाले आहे.

कारखान्यात मला लाल होईपर्यंत तापवलं, गोल गोल वळवलं आणि तेलात बुडवलं. चर्र आवाज झाला आणि मी कडक झाले. माझ्याबरोबरच माझी जुळी बहीणही तयार झाली. ती उजव्या चाकावर, मी डाव्या. आम्हाला मुद्दाम मागवून घेतलं ते एका रंगाऱ्याने. त्याच्या गाडीत रंगाचे डबे, शिड्या, लाकडी फळ्या असं काहीबाही ठासून भरलेलं असे. गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा त्या ओझ्याने पार बसल्या होत्या. आम्ही आलो आणि गाडीचं शेपूट वर उचललं गेलं. "स्प्रिंगा नाहीत, खांब आहेत खांब," असं तो भेटेल त्याला सांगायचा. मला फार बरं वाटायचं.

रंगारी भिंती रंगवायचा, पण रंग ठरवायची त्याची बायको. त्या घरात सगळे तिला आईच म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणते. आई खोलीच्या मधोमध उभी राहायची, खिडकीकडे बघायची, मग डब्यात काठी फिरवत म्हणायची, "अजून थोडा निळा." पुष्कळ वर्षं त्या दोघांना आणि त्यांच्या डब्यांना मी वाहिलं.

मग रंगारी गेला. डबे गेले, शिड्या गेल्या. ओझं सरलं तशी गाडी मागून आणखीच उंच दिसू लागली. त्यातच आई जिन्यात पडली आणि तिच्या गुडघ्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय पुरता वाकेना. गाडीत बसायचं तर मागच्या सीटवर पाय लांब करूनच. आणि तिथवर चढणं म्हणजे डोंगर. एकदा स्टुलावरून चढताना तिचा पाय सटकला. सुनेने तिला कवेत धरलं म्हणून थोडक्यावर निभावलं.

आईची लेक तेव्हा शेजारीच उभी होती. तिला घरात बारकी म्हणतात. नावाला बारकी, पण चाळिशीला टेकलेली आणि सामानाची व्हॅन चालवणारी. ती घाबरली आणि घाबरून भलतंच बोलली. "वहिनी, एक माणूस नीट धरता येत नाही तुला?"

 चार दिवसांनी वहिनी फक्त म्हणाली, "ही गाडी विकून टाकू." बारकीच्या बाबांची गाडी ती. झालं. त्या दिवसापासून नणंद-भावजयीचं बोलणं कामापुरतं उरलं. आणि आई घराबाहेर पडायची बंद झाली. मी अंगणात नुसती उभी. ओझं वाहून स्प्रिंग थकत नाही, मित्रांनो. पण आपल्यामुळे कोणी घरात अडकून पडलंय, हे ओझं मला पेलवेना.

एक दिवस वाचनालयाच्या बाई घरी आल्या. वाचनखोली रंगवायची होती आणि आईनेच रंग निवडावा अशी त्यांची इच्छा होती. आईचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "रंग घरात बसून सांगता येत नाही हो. तिथला उजेड बघावा लागतो. आणि त्या उंटावर आता मी काही चढत नाही."

वहिनी दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. कमी बोलते, पण मनात धरलं की सोडत नाही. तिने चौकशी केली आणि माझ्यापेक्षा आखूड स्प्रिंगांची जोडी याच गाडीला बसते हे शोधून काढलं. रविवारी सकाळी ती खोकं घेऊन अंगणात आली आणि बारकीपुढे ठेवून म्हणाली, "विकायला नको. मागून खाली आणू. तुला जमेल?"

बारकीने खोकं उघडून पाहिलं. "जमेल. पण दोघी लागू."

वहिनीने जुनी चादर अंथरली आणि दवाखान्यात मांडावीत तशी हत्यारं ओळीने मांडली. बारकीने जॅक लावला, गाडी उचलली, चाकं काढली आणि लगेच खाली शिरायला वाकली.

"थांब. आधी लोखंडी घोड्यांचा टेकू लाव," वहिनी म्हणाली.

"जॅक आहे ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"एक माणूस मला धरता आलं नाही म्हणालीस. दुसरं मी जॅकच्या भरवशावर सोडणार नाही."

बारकी उठून घोड्या घेऊन आली. गाडीच्या अंगाखाली दोन्ही बाजूंना घोड्या लागल्या. मग जॅक मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली सरकवला, खालचे बोल्ट सुटले, दांडा हळूहळू खाली आला आणि मी मोकळी झाले. वहिनीने मला उचलून चादरीवर ठेवलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा गाडीकडे बाहेरून पाहत होते. बहिणीची पाळी आली तेवढ्यात जॅकमधून फुस्स झालं, तेल गळालं आणि दांडा धाडकन खाली बसला. माझी बहीण उडून फरशीवर गडगडत गेली. बारकीने हात नुकताच मागे घेतला होता. गाडी मात्र घोड्यांवर जिथल्या तिथे उभी होती.

बारकीने तो जॅक बाजूला सारला. 

"वहिनी, मी त्या दिवशी जे बोलले ना…"

"कळलं. शेजारच्या काकांचा जॅक घेऊन ये. आणि हात धू आधी."

नव्या स्प्रिंगा बसल्या. चक्कर मारायला गेल्या तर खड्ड्यात मागून टक-टक आवाज. एका स्प्रिंगचं टोक रबरी खोबणीत बसलंच नव्हतं. पुन्हा गाडी उचला, पुन्हा घोड्या, पुन्हा सगळं. या वेळी घोड्या बारकीने स्वतः लावल्या आणि हलवूनही पाहिल्या. खिडकीतून आई म्हणाली, "अगं, एवढ्यात आमच्या दोन खोल्या रंगवून व्हायच्या." दोघीही हसल्या. मागची बाजू बसल्यामुळे पुढचे दिवे वर बघायला लागले होते. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून भिंतीवर उजेड पाडून तेही खाली केले.

मग आई आली. काठी टेकून दारापाशी थांबली. गाडी जेमतेम तीन बोटं खाली आली होती. आई पाठमोरी झाली, सीटवर टेकली आणि हातांवर रेटत मागे सरकली. दोघी तिच्या दोन्ही बाजूंना हात पुढे करून उभ्या होत्या. कोणाला धरावं लागलं नाही.

"अशा काय बघताय? वाचनालय बंद होईल," आई म्हणाली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा तिच्या नखांत रंग होता. "पांढरा म्हणत होत्या. डोळ्यांना टोचला असता तो. फिकट पिवळा दिला, वर चिमूटभर करडा," असं ती जेवणापर्यंत सांगत होती. आता ती शाळेचा रंग ठरवायलाही जाते.

आम्ही दोघी बहिणी कोपऱ्यात गंजत पडलो होतो. वाटलं, भंगारात जाणार. खरं सांगते, वाईट वाटलं. पण नव्या स्प्रिंगांचा हेवा मी केला नाही. जे मला जमलं नाही ते त्यांनी केलं. मग एका रोपवाटिकेच्या मालकाची तशीच गाडी कुंड्यांच्या भाराने बसली, तेव्हा वहिनीला आमची आठवण झाली. तिने तारेच्या ब्रशने गंज काढला, चीर गेली नाही ना हे भिंग लावून तपासलं, आणि मगच आम्हाला त्यांच्या हाती दिलं.

मित्रांनो, काढून ठेवलेली वस्तू टाकाऊ ठरवायच्या आधी तिला हात लावून बघा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधी विसंबू नका. आणि ज्याचा पाय उचलत नाही त्याला जोर लावायला सांगू नका. पायरीच खाली आणता येते का, ते आधी बघा.

आज माझ्यावर ओल्या मातीच्या चाळीस कुंड्या आहेत. रस्ता खराब आहे. चालायचंच.