गॅलरीखालची ओली भिंत

आमचं घर विकलं जाता जाता राहिलं ते एकोणीसशे त्र्याहत्तर साल. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरात सासूबाई, हे आणि मी. थोरले भाऊजी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायचे, पण घरात शब्द चालायचा त्यांचाच.

त्या खेपेला ते रजा घेऊन आले आणि बॅगही खाली न ठेवता रस्त्याकडच्या भिंतीपाशी थबकले. खिडकीच्या गजांखाली गंजाचे तांबडे ओघळ, पायथ्याशी लोणा लागून सुटलेली पांढरी भुकटी, आणि वरच्या गॅलरीपासून जमिनीपर्यंत शेवाळाचा रुंद हिरवा पट्टा.

"आई, भिंत आतून ओली आहे. ओल पायातून चढतेय," भाऊजी म्हणाले. "गिऱ्हाईक दारात आहे तोवर विकून टाकू. तू चल माझ्याकडे."

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय कबुतरं मोजू?"

"मग इथे भिंत अंगावर घेणार आहेस?"

"आधी धुऊन तर बघू."

शेवटी असं ठरलं, की भाऊजींची रजा संपेपर्यंत भिंत स्वच्छ आणि कोरडी झाली, तर रंग द्यायचा. नाही झाली, तर विकायची. सासूबाईंनी मान डोलावली खरी, पण जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. या घराची वीट न् वीट त्यांनी उभी राहून लावून घेतली होती.

आमच्या रंगाऱ्याला सगळी गल्ली 'उद्या' म्हणायची, कारण त्याचं कुठलंही काम उद्याच व्हायचं. त्याने भिंत पाहिली आणि म्हणाला, "वरून दोन हात मारतो. कोणाला दिसतंय?"

"मला दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "आणि माझ्या थोरल्याला तर नसलेलंही दिसतं."

आम्ही कामाला लागलो. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडला, कारण पाणी लागलं की तो विरघळून पुन्हा भिंतीत मुरतो. ह्यांनी गज खरवडून त्यांना गंजरोधक रंग लावला आणि भिंतीवरच्या ओघळांवर गंज काढायची पावडर कालवून चोपडली. हिरव्या पट्ट्याला ब्लीचिंग पावडरचं पाणी. पदर खोचून शिडीवर चढले ती मी, शिडी धरून उभा राहिला तो उद्या.

"डावीकडे घास," सासूबाई खालून सांगत होत्या. "अगं, ते उजवीकडे झालं."

"वहिनी, तुम्ही माझ्या पोटावर पाय आणताय," उद्या म्हणाला.

"मग तू चढ."

"उद्या चढतो."

भाऊजी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते, पण त्यांचं पान काही उलटत नव्हतं.

डाग सगळे निघाले. उन्हात भिंत खडखडीत वाळली, फक्त गॅलरीखालचा पट्टा सोडून. तो ओलाच. दुसऱ्या दिवशी ओला, तिसऱ्या दिवशीही ओला. रजेच्या शेवटच्या सकाळी भाऊजी म्हणाले, "गिऱ्हाइकाला संध्याकाळी बोलावतो." सासूबाई उठून वर निघून गेल्या.

भाऊजी ह्यांना घेऊन भिंतीपाशी गेले. ओल्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "बघ. सिमेंटच ओलं आहे. आता यावर कोणी काही..." तेवढ्यात त्यांच्या टकलावर वरून पाण्याची धार पडली.

भाऊजींनी वर पाहिलं. "आई, काय करतेस?"

गॅलरीच्या कडेला मांडलेल्या कुंड्यांमधून सासूबाईंचं डोकं दिसलं. "झाडांना पाणी घालतेय. मी गेल्यावर बिचाऱ्यांना कोण घालणार?"

"रोज घालतेस?"

"सकाळ-संध्याकाळ. काळजी वाटली की दुपारीही."

"आणि हे दोन-चार दिवस?"

"हे दोन-चार दिवस काळजीच होती ना, रे."

उद्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि पोट धरून हसू लागला. सासूबाई खाली आल्या. गॅलरीच्या उतारावरून कठड्याखालून भिंतीवर येणारा ओहोळ त्यांनी पाहिला, मग भाऊजींचं भिजलेलं डोकं पाहिलं.

"म्हणजे माझं घर मीच..." एवढंच म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत. जवळ गेले तर हसून हसून श्वास घ्यायला उसंत नव्हती.

भाऊजींनी रजा वाढवली. सगळ्या कुंड्या स्वतः उचलून अंगणात आणल्या आणि ह्यांच्या मदतीने गॅलरीला सिमेंटचा नवा उतार दिला, आतल्या बाजूच्या मोरीकडे. पट्टा वाळला. मग भिंतीला प्रायमर बसला आणि वर फिकट पिवळा रंग. गिऱ्हाईक आलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "घर ठणठणीत आहे. विकायचं नाही."

सासूबाई त्याच घरात, आपल्या पलंगावर, झोपेतच गेल्या. भाऊजी निवृत्त झाल्यावर खालच्या खोलीत राहायला आले आणि अंगणातल्या झाडांना पाणी घालण्यावरून माझ्याशी शेवटपर्यंत भांडले. उद्याने रंगांचं दुकान काढलं. आता त्याची मुलगी ते चालवते, आणि तिच्याकडून माल सांगितल्या दिवशीच येतो. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी इथेच आहे. सध्या नातसून वर एक खोली वाढवायची म्हणते आहे. वाढवू दे.