सगळ्यांना एकच प्रश्न

घड्याळवालीच्या हातांना कंप ठाऊक नव्हता. केसाएवढा स्क्रू ती एका दमात बसवायची. आज मात्र अपंग संघटनेच्या सभेत अध्यक्ष म्हणून आपली चाकाची खुर्ची पुढे नेताना ती दोनदा टेबलाला धडकली. भीती कसली, आनंदच पोटात मावेना. संघटना म्हणेल तिकडे वॉर्ड झुकतो, हे पोराटोरांनाही ठाऊक, आणि आज निवडणुकीसाठी पाठिंबा मागायला चक्क तिचा नगरसेवक असलेला थोरला दादा येणार होता.

मनात एकच खडा टोचत होता. मतदान केंद्रांना पायऱ्यांऐवजी उतार हवा, या ठरावाला मागे पालिकेत दादाने विरोध केला होता. पण दादा मनाचा मोठा. आज सगळ्यांसमोर 'चुकलं' म्हणेल, अशी तिची पक्की खात्री होती.

छापखान्याच्या जुन्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. आज काय, घरचंच कार्य, म्हणून खजिनदारकाकांनी तिला चिडवूनही घेतलं.

आधी दादाविरुद्ध उभ्या राहिलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई बोलल्या. स्वतःचे दात जन्मात कुणाला न दाखवणारी ही बाई. उताराचा ठराव पालिकेत आपणच मांडला आणि तो पडला, एवढं रुक्षपणे सांगून त्या बसल्या. टाळ्याही तेवढ्याच रुक्ष पडल्या.

मग दादा उठला आणि हॉलमध्ये जीव आला. खोटं कशाला बोला, माणूस लाखात एक. धाकट्या बहिणीला पाठुंगळी घेऊन आपण शाळेत कसं नेलं, एकदा चिखलात स्वतः आपटलो पण तिला पडू दिलं नाही, हे सांगताना त्याने पाठ वाकवूनही दाखवली. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. काकांनी डोळे पुसले. घड्याळवालीचा ऊर भरून आला, पण पुढचा प्रश्न तिलाच विचारायचा होता. भाषण कितीही गोड असो, हक्काच्या ठरावावर तुमचं मत कुठे पडलं, हे प्रत्येक उमेदवाराला विचारायचंच, हा नियम तिनेच केला होता. घरच्याला सूट दिली, तर नियम कसला आणि अध्यक्ष कसली?

तिने विचारलं. विरोधात मत दिल्याचं दादाने लपवलं नाही. उलट हसला.

"अगं, त्याला खर्च कशाला? आपली माणसं आपण उचलून नेऊ की. तुला मी कधी नेलं नाही का?"

टाळ्या सुरू झाल्या. तिने हात वर केला, तशा थांबल्या.

"नेलंस, दादा. पण मागच्या निवडणुकीला तू या केंद्रावरून त्या केंद्रावर पळत होतास. मी पायऱ्यांखाली बसून राहिले. अनोळखी माणसं पोत्यासारखं उचलायला आली, त्यांना नको म्हटलं. मतदान संपल्यावर तशीच घरी आले." तिने खुर्ची दादाकडे वळवली. "आणि मत तुलाच द्यायचं होतं रे."

निवडून आल्यावर दादा तिच्या गळ्यात पडून रडला होता, तेव्हाही तिने हे सांगितलं नव्हतं. आता त्याचं तोंड खर्रकन उतरलं.

पाठिंब्यासाठी हात वर करायची वेळ आली. डॉक्टरीणबाईंची पाळी येताच पहिला हात घड्याळवालीचा गेला. मग काकांचा. मग कुणी कुणी कुबड्याच उंचावल्या, आणि असा गलका उठला की डॉक्टरीणबाईंचे दात अखेर दिसले. घड्याळवाली रडत होती आणि हसतही होती. इतकं मोकळं तिला कधी वाटलं नव्हतं.

सभा सुटली. दादा दाराशी थांबला होता. सवयीने त्याचे हात खुर्चीच्या मुठींकडे गेले आणि मध्येच अडखळले.

"ढकलू का?" त्याने विचारलं. असं त्याने जन्मात कधी विचारलं नव्हतं.

"नको, नुसता बरोबर चल," चाकांवर हात ठेवत ती म्हणाली, "आणि जरा पाय उचल. उद्या सकाळी तुझ्याविरुद्ध प्रचाराला निघायचंय मला."