घट्ट बटणाची बॅटरी

बाईंनी कॅलेंडरांचा गठ्ठा आतल्या खोलीतून ओढत आणला आणि टेबलावर आपटला. धुळीचा लोट उठला. पेनवाल्यानं खिशातला रुमाल काढून नाकाला लावला आणि पायानेच आपली बॅग खुर्चीखाली सरकवली.

"बघा माझ्या भावाची अक्कल," बाई म्हणाल्या. "अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या ऑफिसाचं कॅलेंडर! वर आमचं नाव, खाली तारखा. लोकांनी काय समजायचं? यातली आपली कुठली, ते बघून ठेवा?"

पेनवाल्याला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत, म्हणून त्यानं ते खोकल्यात घातलं.

"वाटली का थोडी तरी?"

"वाटली की. एकानं परत आणून दिलं. एकानं भिंतीकडे तोंड करून लावलं होतं. का, तर खिळा मोकळा दिसत होता म्हणून. उरलेली ही अशी. कागद चांगला आहे, आम्ही फुलदाण्या बांधायला वापरतो." बाई खुर्चीत टेकल्या. "आणि कप तर नकोच. सकाळी उठून आमच्या नावानं चहा कोण पिणार?"

कंपन्यांची नावं छापलेल्या वस्तू पुरवणं हा त्याचा धंदा. किल्ल्यांच्या साखळ्या, पिशव्या, छत्र्या, कप. अख्खा बाजार त्याला पेनवाले म्हणायचा, जरी पेनं घेणारं गिऱ्हाईक आता औषधालाही सापडत नव्हतं. अशा धंद्याला काय द्यावं याचा विचार यापूर्वी त्यानं कधी केला नव्हता. पण ही ऑर्डर त्याला हवीच होती. सकाळी साहेबांनी आत बोलावून, समोर बसवून, चहा पाजून सांगितलं होतं की तुमच्या सुट्ट्या फार होतात. वडील आजारी आहेत हे समजतं, पण हे काम नाही झालं तर आपल्याला वेगळा विचार करावा लागेल. साहेब चिडले असते तर परवडलं असतं. ते अगदी मायेनं बोलले.

"ताई, मी नीट विचार केलाय," तो म्हणाला. "बाकीच्यांना मी सांगतो, वस्तू रोज डोळ्यांसमोर पाहिजे. तुमचं उलटं आहे. रोज दिसायला नको आणि टाकूनही देववायला नको. ज्या दिवशी तुमची गरज लागेल, त्या दिवशी बरोबर हाताला लागली पाहिजे."

त्यानं बॅगेतून दोन टॉर्च काढून टेबलावर ठेवले. मुठीत मावतील एवढे, काळे, पोटावर बारीक अक्षरात ऑफिसचं नाव आणि फोन नंबर. बाकी काही नाही.

"टॉर्च कुणी फेकत नाही. खणात पडून राहतो. आणि घरात तसा प्रसंग आला ना, की माणसं खणच उघडतात. कागद शोधतात, चष्मा शोधतात, किल्ल्या शोधतात."

बाईंनी एक टॉर्च उचलला. मग म्हणाल्या, "किल्ल्या तर हमखास शोधतात. माणूस समोर पडलेला असतो आणि हे आपले कपाटाची किल्ली शोधत असतात. मी किती घरांत पाहिलंय." त्यांनी तो लावला, विझवला. "वाटायचे कुणाला?"

"इमारतींच्या वॉचमनना. घरी येणाऱ्या नर्सना. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरना. लोक आधी त्यांनाच विचारतात. फक्त एक पथ्य पाळायचं. म्हाताऱ्या माणसांच्या हातात चुकूनही द्यायचा नाही. वाईट दिसतं."

"ते तर आहेच," बाई म्हणाल्या. "एक माझ्याकडे राहू दे. आणखी कुणाकडे आहेत का?"

"नाही, कारखान्यानं तुमच्या नावाचे हे दोनच करून दिलेत. दुसरा माझ्या घरी राहील. माझी पद्धत आहे तशी. कुठलाही नमुना आधी आमच्या घरात आठवडाभर नांदतो. हात आपोआप जातो का बघायचं. जात नसेल, तर मी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत नाही."

हे तो सगळ्यांनाच सांगायचा आणि ते खरंही होतं. त्यामुळे त्याच्या घरात बिननावाची वस्तू शोधून सापडली नसती. अंग पुसायचं ते सिमेंट कंपनीच्या टॉवेलनं, वेळ बघायची ती पाण्याच्या पंपाच्या घड्याळात, पांघरायचं ते विमा कंपनीचं. बायको सुरुवातीला हसायची. मग एकदा तिनं कप घासता घासता विचारलं होतं, "या घरात माझं नाव कशावर आहे, तेवढं दाखवा." पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

संध्याकाळी तो तीन मजले चढून घरी आला तेव्हा वडील खिडकीपाशी बसले होते. हयातभर त्यांनी विजेची मीटरं वाचली. लोकांच्या जिन्याखाली, कोळिष्टकांत, गुडघ्यावर बसून. आता हृदय निम्मंच चालतं असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तपासणीचा दिवस आला की त्यांना एक-एक पायरी करत खाली न्यायचं, रांगेत बसायचं आणि पुन्हा वर आणायचं, यात त्याचा दिवस जायचा. त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. तसं तो बोलून दाखवत नसे, पण घरी आल्यावर बूट न काढताच कॉटवर आडवा व्हायचा, आणि वडील ते बघायचे.

"बाबा, हे बघा. हाताला कसं वाटतं?"

सवयीनं त्यानं टॉर्च त्यांच्या हातात ठेवला. प्रत्येक नमुना तो आधी त्यांनाच दाखवायचा. त्यांच्याइतका चिकित्सक माणूस दुसरा नव्हता.

बायको दुसऱ्या पाळीला निघाली होती. जाता जाता तिनं वाकून टॉर्चवरची अक्षरं वाचली आणि त्याला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? वाचलंत त्याच्यावर काय आहे ते?"

"अक्षरं बारीक आहेत. बाबांना कुठं दिसतायत."

बोलून गेल्यावर त्याला आपणच बाईंना सांगितलेलं पथ्य आठवलं. वर्षानुवर्षं वस्तूंवरची नावं बघून बघून त्याला ती दिसेनाशीच झाली होती. तो धावत बाहेर आला. तोपर्यंत वडील कॉटखाली वाकून चपलांवर उजेड पाडत होते.

"बॅटरी फक्कड आहे," ते म्हणाले. "उजेड पसरत नाही. एका जागी पडतो. मीटरला अशीच लागते. आम्हाला दिलेल्या नुसत्या भिंती उजळायच्या, आकडा दिसायचा नाही." त्यांनी अंगठ्यानं बटण दाबून पाहिलं. "एवढंच, की बटण घट्ट आहे. म्हाताऱ्या बोटांना जोर लावावा लागतो. लिहून घे."

त्यानं लिहून घेतलं. टॉर्च परत मागायचा तर कारण सांगावं लागलं असतं. त्यानं तो मागितला नाही.

"कुणाचं काम आहे?" वडिलांनी विचारलं.

"आहेत एक बाई. अजून पक्कं नाही."

"होईल?"

"झालं पाहिजे," तो म्हणाला आणि बूट न काढताच आडवा झाला. "नाहीतर साहेब घरी बसवतील."

आठवड्यानं बाईंचा निरोप आला. तो गेला तेव्हा टेबल स्वच्छ पुसलेलं होतं आणि बाई उभ्याच होत्या.

"या, या. पेनवाले, फोन आला! तुमच्या टॉर्चवरून."

"टॉर्चवरून?"

"नंबर वाचून केला. आधी दोनदा चुकीचा लागला म्हणाले, अक्षरं बारीक आहेत. अहो, अजून वाटप नाही, काही नाही, आणि फोन!"

त्याला आनंद झाला. धंद्यातल्या माणसाला होतो तसा, छातीत धडधडणारा, निव्वळ आनंद. पुढे कितीतरी दिवस त्याला त्या आनंदाचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

"एक आजोबा होते," बाई सांगू लागल्या. "आवाज खणखणीत. काय काय लागतं, कोण येतं, कागद कुठले काढून ठेवायचे, सगळं विचारून घेतलं. जिना अरुंद आहे म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरून खाली कसं नेता? मी म्हटलं, घरात कुणी आजारी आहे का? तर म्हणाले, आहे ना, मीच. आणि पुढचा प्रश्न."

पेनवाल्यानं खुर्चीची पाठ धरली.

"शेवटी म्हणाले, मला दुसरं काही नको. त्या दिवशी माझ्या पोराला धावपळ पडायला नको. एक फोन केला की तुमच्या माणसांनी सगळं बघायचं. पोरगा फार दमलाय म्हणाले, माझ्यापायी."

बाईंनी टेबलावरचा टॉर्च उगाच उचलून खाली ठेवला.

"नाव काही सांगितलं नाही. मीही आग्रह केला नाही. फोन ठेवता ठेवता काय म्हणाले, बॅटरी फक्कड आहे, उजेड पसरत नाही, पण बटण घट्ट आहे. तेवढं सैल करून घ्या." त्या थांबल्या. "माझा तर माझ्याच खणात होता. तुम्ही दिला होता कुणाला?"

"दिला होता," तो म्हणाला. "ओळखीचे आहेत."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या धंद्यात माणसांचे चेहरे रोज बघावे लागतात. त्यांनी पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

"तुमचं ते पथ्य मोडायचं," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्यांनाच द्यायचे. त्यांना सगळं विचारायचं असतं हो. घरात विषय काढला की आपणच म्हणतो, असं अभद्र बोलू नका. ऑर्डर पक्की समजा. फक्त बटण."

"सैल करून देतो," तो म्हणाला.

बाहेर पडल्यावर त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब खूश झाले, वा वा म्हणाले, आता वडिलांसाठी खुशाल सुट्टी घ्या म्हणाले. तो हो हो म्हणत राहिला. बस आली तरी त्याच्या ते लक्षात आलं नाही, आणि ती गेल्यावर तो चालतच निघाला.

घरापाशी पोचला तेव्हा दिवस कलला होता. वडील इमारतीच्या दारातल्या बाकावर बसले होते. एकट्यानं तीन मजले उतरायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि एरवी त्यावरून तो बोललाही असता. आज नुसता शेजारी जाऊन बसला. समोर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं. दोघं ते बघत राहिले.

"ऑर्डर मिळाली का?" वडिलांनी विचारलं.

"मिळाली."

"वाटलंच मला."

त्यानं वडिलांकडे पाहिलं. ते सायकलीकडेच बघत होते. हा फोन त्यांनी स्वतःसाठी केला की माझ्या नोकरीसाठी, असं त्याला विचारायचं होतं. पण दोन्हींतलं कुठलंही उत्तर त्याला ऐकवणार नव्हतं.

"बटणाचं सांगितलंस त्यांना?"

"त्यांना माहीत होतं. आधीच कुणीतरी सांगितलं होतं."

"असं?" वडील म्हणाले. "बरं झालं. चल वर, गार वारं सुटलंय."

जिन्यातला दिवा गेलेला होता. वडिलांनी खिशातून बॅटरी काढली, दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून बटण दाबलं. त्यानं हात पुढे केला नाही. उजेड एकाच पायरीवर पडायचा. ती चढून झाली की वडील तो पुढच्या पायरीवर सरकवायचे आणि स्वतःचा पाय उचलायच्या आधी त्याचा पाय पडला का ते बघायचे. प्रत्येक वळणावर दोघं थांबले. वडिलांचा श्वास भात्यासारखा वाजत होता, तो ओसरला की पुन्हा निघायचं.

दारापाशी पोचल्यावर वडिलांनी भिंतीला पाठ टेकली आणि बॅटरी कुलपावर धरली. त्यानं खिशातून किल्ली काढली. ती कुलपात जाईना. उजेड नेमका भोकावर होता, किल्लीच बाजूला खरवडत होती.

"बाबा," तो कुलपाकडेच बघत म्हणाला, "मी दमलेलो नाही."

उजेड कुलपावरून निघून त्याच्या मनगटावर आला, जरा थांबला आणि पुन्हा कुलपावर गेला.

"बरं," ते म्हणाले. "आधी दार उघड. आणि आज बूट काढून आडवा हो."