दोन काठांवरची सूंस

मित्रांनो, मी एक जुनी सूंस आहे. सूंस म्हणजे आपल्या गंगेतला डॉल्फिन. पण मी पाण्यातली नाही. माझा सांगाडा लोखंडी सळ्यांचा, अंग सिमेंटचे आणि कातडी फुटक्या कपबश्यांची. बनारसमध्ये दूधविनायकाच्या गल्लीत एक छोटी शाळा होती. तिथे चित्रकला शिकवणाऱ्या मालविकाताईंनी शाळेच्या उघड्या अंगणात मला घडवले.

शिवराम मिस्त्रीने सळ्या वाकवल्या. मुलांनी घराघरांतून तडकलेल्या बश्या, फरशांचे तुकडे, काचेच्या बांगड्या आणल्या. एकेक तुकडा चिकटवता चिकटवता पावसाळा सरला. माझे डोके वर, शेपूट वर आणि पोट जमिनीला टेकलेले. जणू नुकतीच पाण्यावर आले आहे. मधल्या सुट्टीत मुले माझ्या मानेवरून घसरत थेट पाठीवर यायची. "ती निळी बशी आमच्या घरची!" असे भांडून सांगायची. येणारेजाणारे फोटो काढायचे. तेव्हा मला वाटायचे, आपल्यासारखे सुखी कोणी नाही.

पुढे शाळेत मुले कमी झाली आणि एका उन्हाळ्यानंतर ती उघडलीच नाही. कुशलबाबूंनी ती जागा घेतली आणि यात्रेकरूंसाठी गेस्ट हाऊस बांधायला काढले. तीन बाजूंनी मजले चढले. चौथ्या बाजूला भिंत आली आणि भिंतीत एक दार. मला कुणी हात लावला नाही. माझ्याभोवती इमारत उभी राहिली, इतकेच. मग वर पत्रा पडला आणि आकाशही गेले.

माझ्या पाठीवर ओल्या चादरी वाळत पडू लागल्या. तोंडाला रिकामे सिलिंडर टेकले. पाण्याची मोटर दिवसभर कानाशी घरघरायची. गंगा दोन गल्ल्यांपलीकडे होती. संध्याकाळी आरतीच्या घंटा ऐकू यायच्या, पण पाणी दिसायचे नाही. खरी सूंस घडीघडी श्वासासाठी वर येते. मी वर येऊन जाणार कुठे? वर पत्रा, समोर भिंत. कपबशीच्या तुकड्यांवर काजळी चढली आणि माझा निळा रंग मलाच आठवेनासा झाला. रुसायचे म्हटले तरी समोर कुणी असावे लागते. तेही नव्हते.

एके दिवशी दारातून मालविकाताई आत आल्या. कुशलबाबूंनीच त्यांना बोलावले होते.

"मॅडम, चीज़ आपकी है, ले जाइए," ते म्हणाले. "यहाँ लिफ्ट लगेगी. बूढ़े यात्री सीढ़ी नहीं चढ़ पाते. दिवाली तक रुकता हूँ, फिर तुड़वाना पड़ेगा."

माणूस वाईट नव्हता. पण 'तुड़वाना' हा शब्द मी ऐकला आणि माझे सिमेंट गार पडले.

ताई माझ्यासाठी घर शोधू लागल्या. दमून आल्या की सिलिंडरवर बसून मला सगळे सांगायच्या. "हॉटेलवाला म्हणतो, गुलाबी रंग देऊ आणि तोंडातून कारंजं काढू. तू काय पिचकारी आहेस? संग्रहालयवाले म्हणतात, अजून पुरेशी जुनी नाही. बागेच्या ऑफिसात म्हणतात, पहले ले आइए, फिर देखेंगे." मग पदराने माझ्या कपाळावरची काजळी पुसायच्या.

शेवटी त्यांची मैत्रीण प्रेमला पुढे आली. नदीपलीकडच्या गावात तिची शाळा आहे. ती फोनवर म्हणाली, "घेऊन ये गं. आमच्या शाळेला अजून कुंपणच नाही, हवी तिथे ठेव."

ताई हसल्या. पण शिवराम मिस्त्री दार पाहून आला, गल्ली पाहून आला आणि मान हलवत उभा राहिला. "दरवाज़े से निकल जाएगी दीदी. गली के मोड़ पर अटकेगी. काटनी पड़ेगी."

"मी हिला कापू? माझ्या हातांनी?"

"नहीं काटेंगे तो मलबा बनेगी."

ताईंनी छिन्नी घेतली. "आधी तुकडे मी काढते. मग तू मशीन लाव."

त्यांनी माझ्या पोटाभोवतीचा एक पट्टा सोलून काढला. प्रत्येक तुकडा हळूच, जखमेवरची पट्टी काढावी तसा. मशीन फिरले तेव्हा त्यांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले होते.

कापल्यावर आतले लोखंड दिसले. गंजून त्याची भुकटी झाली होती. "अब जोड़ेंगे तो टिकेगा नहीं," मिस्त्री म्हणाला. ताईंनी छिन्नी खाली ठेवली. एक घर मिळता मिळेना, आता दोन कुठून आणायची?

उचलायला ताईंचे जुने विद्यार्थी आले होते. त्यांतला यज्ञेश म्हणाला, "ताई, शेपूट आमच्याकडे राहू दे ना. मंगला गौरीच्या देवळाजवळ आमचा चबुतरा रिकामाच आहे. समोर गंगाजी."

ताईंनी त्याच्याकडे पाहिले आणि मानेनेच होकार दिला. डोळे भरले होते.

पोरांनी मला बांबूंवर घेतले. दारात माझा खांदा घासला, दोन तुकडे निखळले. गल्लीचे वळण आले, सुटले. आणि मग एकदम आकाश! घाटावर नाव तयार होती. पाणी इतके जवळ मी कधी पाहिले नव्हते. पार होईपर्यंत ताईंनी माझ्या कापलेल्या बाजूवर हात ठेवला होता, उन्हातून नेताना आई लेकराला झाकते तसा.

आता मी प्रेमलाताईंच्या शाळेच्या अंगणात आहे. डोके वर काढून नदीकडे बघते. पलीकडे यज्ञेशच्या चबुतऱ्यावर सकाळच्या उन्हात माझे शेपूट चमकते. नाववाले प्रवाशांना सांगतात, "देखिए, सूंस उधर डूबी, इधर निकली!" धुके पडले की पलीकडचे काही दिसत नाही आणि मला पुन्हा ती भिंत आठवते. कापल्याची कळ अजून आहे. पण मला वारा लागतो, आणि मुले मानेवरून घसरतात.

मित्रांनो, भिंती जरूर बांधा. घरे लागतातच सगळ्यांना. पण शेवटची वीट ठेवण्याआधी आत वाकून एकदा बघा. तिथे कुणी अडकून राहिलेले असेल, आणि त्याला हाक मारता येत नसेल.